अकरा दिवसांची गैरहजेरी

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. कोणी पायावर पाय दिला तर मी तोंडाने "असू दे" म्हणते आणि त्या माणसाचा चेहरा दहा वर्षं लक्षात ठेवते. त्यामुळे एका सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसचं काचेचं दार ढकलून जो गृहस्थ आत आला, त्याला मी लगेच ओळखलं. तो मला ओळखत नव्हता. मीही त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणारा त्याचा ब्युरो होता, आणि बायकांना दिलेल्या ओळखपत्रांच्या मागच्या बाजूला त्याने स्वतःचा हसरा फोटो छापून घेतला होता. तसलं एक ओळखपत्र आमच्या कपाटात पडून होतं, कारण माझी आई त्याच्याकडे एकोणीस वर्षं कामाला होती.

तीन वर्षांपूर्वी त्याने तिला काढलं. त्या सुमारास त्याने कुठून तरी एक हजेरीचं अ‍ॅप बनवून घेतलं होतं. दिवसातून कधीही बाईच्या फोनवर घंटी वाजायची. पाच मिनिटांच्या आत पेशंटच्या खोलीतून स्वतःचा फोटो पाठवायचा. नाही पाठवला तर तो दिवस गैरहजर. आई तेव्हा एका म्हाताऱ्या शिंप्याकडे जायची. त्यांची उजवी बाजू लुळी पडलेली आणि खोली जमिनीखाली, सोळा पायऱ्या उतरून. तिथे फोनला रेंजच नाही. घंटी वाजणारच नसेल तर फोटो काय कपाळ पाठवणार? एका महिन्यात अकरा दिवस गैरहजेरी लागली. मालकाने सगळ्या बायका जमलेल्या असताना यादी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात." मग 'मी अकरा दिवस कामावर नव्हते' असं लिहिलेल्या कागदावर तिची सही घेतली, एक प्रत तिच्या हातात दिली आणि घरी पाठवलं.

सही केली म्हणून मी तिच्यावर तेव्हा केवढी ओरडले होते! ती गप्प बसून राहिली. पुढेही गप्पच राहिली. ज्या बाईला पेशंटचे नातेवाईक सणासुदीला तर बोलवायचेच, रस्त्यात भेटले तरी थांबवून बोलायचे, ती आता घराबाहेर पडेना. मला एकच गोष्ट हवी होती: त्याच माणसाने, त्याच बायकांसमोर, तो कागद खोटा आहे असं आपल्या तोंडाने म्हणावं. तीन वर्षं मी त्या कागदापायी त्याच्यावर डूख धरून होते. अधूनमधून तो काढायचे, अकरा तारखा मोजायचे आणि परत ठेवायचे.

आणि आता तो माणूस आपल्या पायांनी चालत आला होता. मला एवढा आनंद झाला की मी स्वतः उठून त्याला पाणी दिलं.

माझं काम अ‍ॅप बनवण्याचं नाही, बनवण्याआधीचं आहे. ते कोण वापरणार, कुठे उभं राहून वापरणार, हातात दुसरं काय असणार, पहिल्या दिवशी काय लागेल आणि काय सोडून देता येईल, हे सगळं मी विचारून, पाहून, लिहून काढते. मगच आमचा दाढीवाला प्रोग्रॅमर संगणकाला हात लावतो. तो मला 'चौकशी खिडकी' म्हणतो. म्हणू दे. माझ्या चौकशीशिवाय त्याने बनवलेली दोन अ‍ॅपं आजही कोणी उघडत नाही.

"हे अ‍ॅप तुम्हाला कशासाठी हवंय?" मी मालकांना पहिला प्रश्न विचारला.

"चोऱ्या पकडायला," ते म्हणाले. "या बायका महाबिलंदर असतात, मॅडम. जरा नजर हटली की गायब."

एका मोठ्या हॉस्पिटलकडून त्यांना काम मिळणार होतं. घरी सोडलेल्या सगळ्या पेशंटची देखभाल त्यांच्या ब्युरोकडे. पण जुन्या अ‍ॅपबद्दल एवढ्या तक्रारी होत्या की हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी अट घातली होती: नवं अ‍ॅप नीट आखून आणा, आखणी मला दाखवा, मग बोलू. म्हणजे मालकांची मान माझ्या वहीत अडकली होती.

मी विचारत गेले. बायकांकडे फोन स्वतःचा असतो की ब्युरोचा? वाचता किती जणींना येतं? पेशंटला आंघोळ घालताना घंटी वाजली तर ओल्या हाताने फोटो काढायचा का? बॅटरी संपली तर? रेंज नसेल तर? प्रत्येक प्रश्नावर मालक हात झटकायचे आणि म्हणायचे, "ते तुम्ही बघा ना." पहिल्या दिवशी अ‍ॅपमध्ये काय काय हवं, तर म्हणे सगळं.

"ठीक आहे," मी वही मिटली. "आता आमचा एक नियम आहे. जो ठरवणार, त्याने आधी पाच दिवस वापरायचं. जुनंच अ‍ॅप, पण बाईच्या जागी राहून. आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यात अवघड घरी."

नियम खरा आहे, मी खोटं बोलले नाही. फक्त एरवी मालक मंडळी एखादा कारकून पाठवतात आणि मी चालवून घेते. शेजारी बसलेल्या आमच्या ऑफिसच्या सरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"मी स्वतः?" मालक हसले. "मॅडम, मला चाळीस कामं आहेत."

"तुम्ही स्वतः पेशंटपाशी बसलात हे मेट्रनबाईंच्या कानावर गेलं, तर काय छाप पडेल!" मी म्हणाले.

छाती फुगलेली डोळ्यांना दिसली. हो म्हणाले. माझं आडनाव अजूनही नवऱ्याचंच आहे. मी त्याचं घर सोडून आईकडे आले ते तिची नोकरी गेली त्याच महिन्यात, पण कागदपत्रं बदलायची राहूनच गेली. त्या आडनावाचा मला आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला. मालकांना काडीचाही संशय आला नाही.

अवघड घर कोणतं हे ठरवायला मी अर्थातच रीतसर यादी केली, सात घरं पाहिली, आणि मग आपल्याला हवं तेच घर निवडलं. शिंपीबाबा अजून तिथेच होते. गळ्यात मापाची टेप तशीच, बोलणं फार थोडं. आईच्या जागी आता एक मावशी होती, सतत काहीतरी गुणगुणणारी. मी दोन दिवस तिच्यासोबत बसले. ती आईला ओळखायची, म्हणून मी कोणाची मुलगी हे फक्त तिला सांगितलं. ती अर्धी ड्यूटी खोलीत करत नव्हतीच. बाराव्या पायरीवर फोनला एक काडी रेंज यायची, तिथे ती बसायची. घंटी वाजली की धावत खाली, दारात उभं राहून फोटो, परत धावत वर पाठवायला.

"आणि बाबांना काही लागलं तर?" मी विचारलं.

"हाक मारतात. एका बाजूने हाक ती केवढी येणार? कधी ऐकू येते, कधी नाही." तिने फोनवरची काडी तपासली. "तुझी आई पायरीवर नाही बसली कधी. म्हणून तर गेली."

हे ऐकून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती पुढचे पंधरा दिवस उतरली नाही.

मालक पाच दिवस आले. ठरलं असं होतं की मावशी सांगेल आणि हात मालकांचे चालतील. पहिल्या दिवशी ते शहाणपणा करून दिवसभर बाराव्या पायरीवर बसले. घंटी वाजली, फोटो गेला, हजर. संध्याकाळी बाबांचं अंथरूण ओलं होतं आणि ते मालकांनाच बदलावं लागलं. दुसऱ्या दिवशी भरवताना बाबांच्या घशात घास अडकला. मालक त्यांना छातीशी धरून अर्धा तास पाठ चोळत बसले. घंटीची वेळ येऊन गेली असणार, खाली कुणाला कळलं नाही. गैरहजर. तिसऱ्या दिवशी हजर, पण कसे, तर बाबांना खुर्चीत तसंच तिरकं सोडून. चौथ्या दिवशी बाबांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. गैरहजर. पाचव्या दिवशी कुशीवर वळवताना. गैरहजर.

मी रोज कोपऱ्यात बसून वेळा टिपत होते. घामाघूम झालेला तो माणूस, शर्टावर सांडलेली पेज, आणि आपण गैरहजर आहोत याचा पत्ताच नाही! खोटं कशाला बोलू, एवढं मनापासून मी कुठलंच काम केलेलं नाही. बाबांच्या घशात घास अडकला तेव्हा माझं पहिलं लक्ष घड्याळाकडे गेलं. त्याची लाज मला खूप नंतर वाटली.

आखणीचा शेवटचा भाग म्हणजे वापरणाऱ्यांची बैठक. मी पाहिलेलं सगळ्यांसमोर मांडायचं आणि चुकत असेल तर त्यांनी सांगायचं. मी ती ब्युरोच्याच हॉलमध्ये ठेवली, जिथे आईची यादी वाचली गेली होती. तीसेक बायका आल्या. पुढच्या खुर्चीवर मेट्रनबाई. आईला मी आदल्या दिवशी सांगितलं, जुन्या बायकांनाही बोलावलंय, तूही चल. ती नको म्हणाली. मी दामटून नेलं. ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली. मालक बायकांकडे कधी बघतच नसत, त्यामुळे ती त्यांच्या नजरेत आली नाही.

फोन, बॅटरी, ओले हात, वाचता न येणं, सगळं मी मांडलं. मेट्रनबाई मान डोलवत होत्या. मग मी शेवटचा कागद काढला.

"आता पाच दिवसांची हजेरी. सोमवार, हजर. मंगळवार, गैरहजर. बुधवार, हजर. गुरुवार, गैरहजर. शुक्रवार, गैरहजर." मी पाण्याचा घोट घेतला. "नाव, ब्युरोचे मालक."

आधी कोणाला हसायची हिंमत होईना. मग मागून कुणी तरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल खो खो हसायला लागला.

"अहो, मी तिथेच होतो!" मालक उभेच राहिले. "त्यांच्या घशात घास अडकला होता, मी धरून बसलो होतो त्यांना! या मावशींना विचारा!"

"मशीन खोटं बोलत नाही, मालक," मी म्हणाले. "सही करा इथे."

त्यांचा चेहरा पडला. तो पडताना मी शांतपणे पाहिला, घाई केली नाही. मग आईचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी वाचला, खालची सही पाहिली, मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा बायकांच्या रांगांमधून नजर फिरवली. आई दिसली. मग मी दिसले. दोघींचं नाक सारखं आहे.

"चूक झाली असेल," ते पुटपुटले.

"असेल नको. झाली म्हणा. मोठ्याने."

मेट्रनबाई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या. पळायला जागा नव्हती. "झाली," ते म्हणाले. "या बाई अकराही दिवस कामावर होत्या. कागद चुकीचा आहे."

झालं. तीन वर्षांचं उट्टं निघालं. आता टाळ्या वाजतील, आई रडेल, मी तिला जवळ घेईन, असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं.

"थांबा," आई म्हणाली. ती उभी होती. "अकरा नाही. दहा."

मला वाटलं ती घाबरून गोंधळली. मी हातानेच तिला बस म्हणून खुणावलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"एक दिवस मी खरंच नव्हते," ती हॉलला सांगितल्यासारखं म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून गेले. सकाळी दहा ते दुपारी दोन. त्या दोनदा डोकावल्या फक्त. बाबा चार तास एकटे होते. काही झालं नाही, ते त्यांचं नशीब."

"कोणता दिवस?" मालकांच्या आवाजात जीव आला.

"सतरा तारीख. घरचं काम होतं."

कागद माझ्या समोरच होता. वरून सातवी ओळ. सतरा, मंगळवार. शंभर वेळा मोजल्या होत्या मी त्या तारखा, पण वाचली एकही नव्हती. त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता, आई कामाच्या वाटेवर असताना, मी नवऱ्याच्या घरातून तिला फोन केला होता. "आत्ताच्या आत्ता ये, नाहीतर मी इथून कधीच निघणार नाही," असं म्हणाले होते. ती आली होती, ड्यूटीच्या निळ्या साडीतच. माझ्या दोन बॅगा तिने उचलल्या होत्या. तिचा पेशंट कोणाजवळ आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"बघा!" मालक मेट्रनबाईंकडे वळले. "म्हणजे चोरी होतीच! मी काय म्हणत होतो?"

"होती," आई म्हणाली. "एक. ती मी आत्ता लिहून देते. उरलेले दहा तुम्ही खोडा."

हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. ज्या बायकांसमोर तिची मान वर व्हावी म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्यातल्या निम्म्या खाली बघत होत्या. मेट्रनबाईंनी स्वतःचं पेन मालकांपुढे सरकवलं. मालकांनी एकेक तारीख खोडली आणि आई शेजारी उभी राहून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पाहत होती. सतरावर तिने बोट ठेवलं नाही. त्याच्या खाली तिने नव्याने सही केली.

"त्या दिवशी ब्युरोत कळवलं का नाही?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"कशावर कळवणार? घंटी आहे, फोटो आहे, गैरहजर आहे. 'आज मी अडकलेय, चार तास दुसरी बाई पाठवा' असं म्हणायला जागाच नाही. म्हटलं तरी गैरहजरच लागणार. नवीन बनवताय ना, मग तेवढं आधी घाला."

मग बायका बोलायला लागल्या. कोणाचं मूल तापाने फणफणलेलं, कोणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि सगळ्याच जणी कधी ना कधी पेशंटला एकटं सोडून पळालेल्या. मी खाली मान घालून लिहीत राहिले. माझ्या चाळीस पानांत हे कुठेच नव्हतं. चोर कोण एवढंच शोधायला मालक निघाले होते, आणि मालकांना पकडायला मी.

परतीच्या वाटेवर आई माझ्या पुढे चार पावलं चालत होती. मी तिला गाठलं.

"त्या एका दिवसामुळे सही केलीस?"

"दहांसाठी भांडले असते तर त्याने अकरावा उकरून काढला असता. मग कुठे गेले होते ते सांगावं लागलं असतं. तू तेव्हा जेवतही नव्हतीस. तुझं घरचं त्या ऑफिसात कशाला काढू?"

"मला तरी सांगायचंस, आई."

"तू विचारलंस कुठे? तू ओरडत होतीस."

"मी हे सगळं तुझ्यासाठी केलं."

"नाही," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, फार दमली होती. "माझ्यासाठी करायचं असतं तर आधी मला विचारलं असतंस, आणि मी नको म्हटलं असतं. तुला तो माणूस हवा होता. मिळाला."

ते खरं होतं. मला सूड हवा होता आणि मी तो घेतला. त्यासाठी तीस बायकांसमोर माझ्या आईकडून तिची एकोणीस वर्षांतली एकमेव चूक कबूल करून घेतली. एवढं होऊनही मालकांचा पडलेला चेहरा आठवला की मला आतून बरं वाटत होतं, आणि त्याचीच मला घाण वाटत होती.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"आता विचार," ती म्हणाली. "काय विचारायचंय ते विचार एकदाचं."

मी तिच्या पायाशी बसले. एरवी लोकांना तासन्‌तास प्रश्न विचारणारी मी, आईला पहिल्यांदाच काही विचारणार होते.

"त्या घरापासून बाबांच्या खोलीपर्यंत जायला-यायला तास पुरतो," मी म्हणाले. "मग चार तास कसे लागले?"

"तू खालीच येत नव्हतीस," आई म्हणाली. "जिन्यात यायचीस, रडायचीस, परत वर जायचीस. मी तीन तास गेटपाशी उभी होते."